परतीच्या पावसाचा आठवडा: अंदाज कसा वाचावा?

सप्टेंबर सरत आला की हवामान विभागाच्या पत्रकाचा सूर मवाळ होतो. जुलै-ऑगस्टमधले लाल आणि नारिंगी इशारे मागे पडतात. ‘काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस’, ‘तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह सरी’, ‘कमाल तापमानात किंचित वाढ’ अशा दोन-तीन वाक्यांत अख्खा आठवडा उरकतो. नवरात्राचे मांडव पडत असतात, धरणे भरत आलेली असतात, सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळू लागलेल्या असतात. पावसाळा संपला, थंडी अजून लांब आहे, असा हा मधला, अंगाला मानवणारा काळ.

गेल्या सहा-सात वर्षांतला याच काळाचा हिशेब मात्र वेगळाच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यासह सगळे ओढे फुटले आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने हैदराबाद बुडवून सोलापूर जिल्हा गाठला. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून जीव गेले. सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाडा झोडपला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवपासून बीडपर्यंत उभी पिके, जनावरे आणि शेतातली माती वाहून नेली. त्या नुकसानीपोटी राज्य सरकारला ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले.

मग दरवर्षी तोच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, हवामान खात्याचे अंदाज म्हणजे मटका. दुसरी म्हणते, इशारा दिलाच होता, लोकांनी ऐकला नाही. दोन्ही बाजू थोड्या खऱ्या आणि बऱ्याच आळशी आहेत. या काळातला अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्न आपण विचारलेला नसतो. आपण विचारतो, ‘माझ्या रानात आज दुपारी पडेल का?’ आणि पत्रक सांगते, ‘जिल्ह्यात या आठवड्यात कसे वातावरण राहील.’ ही फट कुठे आहे, किती बुजली आहे आणि कुणी बुजवायची, हे नीट पाहायला हवे.

पाऊस परतला, हे ठरते कसे

पाऊस थांबला म्हणजे मोसमी पाऊस परतला, असे हवामानशास्त्र मानत नाही. १ सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसावा, वातावरणाच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात, म्हणजे उतरत्या कोरड्या हवेचे भोवरे तयार झालेले असावेत आणि हवेतील बाष्प स्पष्टपणे घटलेले असावे, अशा तीन खुणा जुळल्या की पश्चिम राजस्थानातून माघार सुरू झाल्याचे जाहीर होते. पुढे ही रेषा टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकवली जाते.

या माघारीच्या सरासरी तारखा अनेक दशके १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. २०२० मध्ये त्या नव्याने ठरवल्या गेल्या आणि बदल लहान नव्हता. राजस्थानातून माघारीची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. दसऱ्याला छत्री माळ्यावर टाकायची ही जुन्या पिढीची सवय कागदोपत्रीही कालबाह्य ठरली.

सरासरी बदलली तरी प्रत्यक्ष तारखा तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर झुलतात. राजस्थानातून माघार २०१९ मध्ये ९ ऑक्टोबरला सुरू झाली, ती नोंदींतली सर्वांत उशिराची. २०२० मध्ये २८ सप्टेंबर, २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर, २०२२ मध्ये २० सप्टेंबर, २०२३ मध्ये २५ सप्टेंबर, २०२४ मध्ये २३ सप्टेंबर. २०२५ मध्ये ती १४ सप्टेंबरला, म्हणजे सरासरीच्या तीन दिवस आधीच सुरू झाली. ‘यंदा पाऊस लवकर परतला’ अशा बातम्या आल्या आणि त्यानंतर आठवड्याभरात मराठवाड्यात घरांत पाणी शिरले. राजस्थानातली माघार आणि महाराष्ट्रातला शेवटचा पाऊस यांचा एकमेकांशी संबंध किती सैल असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही. बातमीत ‘मान्सूनच्या परतीला सुरुवात’ असे वाचून महाराष्ट्रातल्या माणसाने काहीही ठरवू नये.

हिशेबाची आणखी एक गंमत आहे. पावसाळ्याची अधिकृत मोजणी १ जून ते ३० सप्टेंबर अशी चालते. १ ऑक्टोबरला पडलेला पाऊस, मग तो त्याच ढगांतून आणि त्याच वाऱ्यांवर आलेला असला तरी, मोसमाच्या टक्केवारीत धरला जात नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसाचा हंगामी अंदाज प्रामुख्याने तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक या पाच उपविभागांसाठी असतो. त्यामुळे महाराष्ट्राचा ऑक्टोबर दोन हंगामांच्या मधल्या बेचक्यात राहतो. सुगीचा महिना तोच, आणि हंगामी चर्चेत त्याला जागा नाही.

मवाळ आठवड्याच्या पोटात काय असते

या दिवसांत दोन अगदी वेगळ्या जातींचा पाऊस पडतो. अंदाजाची अर्धी गुंतागुंत या दोघांना एकाच वाक्यात बसवण्यातून होते.

पहिला पाऊस स्थानिक. २२-२३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघतो. अरबी समुद्रावरून येणारा जोरकस पश्चिमी वारा मंदावतो आणि ढगांचे कायमचे छत फाटते. सकाळ लख्ख उघडते. जमिनीत चार महिन्यांची ओल मुरलेली, हवेत बाष्प भरपूर, त्यावर कडक ऊन. दुपारपर्यंत हवा तापून वर चढते, पूर्वेकडून येणारे वारे पश्चिमेकडच्या वाऱ्यांना कुठे तरी भिडतात, आणि तीन-चारच्या सुमारास पठारावर किंवा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर काळ्या ढगांचे मनोरे उभे राहतात. तासाभरात वादळी वारा, विजा, कधी गारा आणि दमदार पाऊस. संध्याकाळी आकाश पुन्हा मोकळे. असा एक ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यात सगळा ऐवज रिकामा करतो. हडपसरला गुडघाभर पाणी आणि कोथरूडमध्ये रस्ता कोरडा, हे पुणेकरांनी कैकदा पाहिलेले आहे.

दुसरा पाऊस दूरवरून येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बंगालचा उपसागर तापलेला असतो. तिथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे आंध्र-ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकतात. जुलैमध्ये त्यांचा नेहमीचा मार्ग मध्य भारतावरून जातो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडे झुकतो आणि तेलंगणा, मराठवाडा, सोलापूर हे पट्टे त्यांच्या वाटेत येतात. ‘गुलाब’ने २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रचा किनारा ओलांडला, मराठवाड्यावर पाऊस ओतला, अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या नावाने पुन्हा जोर धरला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. हा पाऊस शेकडो किलोमीटरवर पसरतो आणि दोन-तीन दिवस रेंगाळतो. नद्यांना पूर येतो तो याने.

या दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत ‘ऑक्टोबर हीट’ बसते. ढग गेलेले, वारा पडलेला, बाष्प मात्र गेलेले नाही. मुंबईचा पारा ३३-३४ अंशांवर जातो आणि घाम वाळत नाही. पुण्या-नाशकात दिवसा ३१-३२ आणि पहाटे १९-२० अशी तफावत वाढू लागते. पहाटे दव पडते, नदीकाठी धुके धरते. माघारीची रेषा खाली सरकली की प्रथम धुळे, नंदुरबार, जळगाव आणि विदर्भाचा उत्तर भाग कोरडा होतो. कोकणाचा दक्षिण भाग, कोल्हापूर, सोलापूर आणि गोवा यांच्या नशिबी संध्याकाळच्या सरी त्यानंतरही बरेच दिवस असतात.

पत्रकातले शब्द आणि त्यांची मापे

आता एक नेहमीचे वाक्य जवळून वाचू: ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर.’ ऐकताना ते गुळमुळीत वाटते. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येक शब्दाला माप आहे.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘मुसळधार’ म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याहीपुढे अत्यंत मुसळधार. ‘मध्यम’ पावसाची मर्यादाच १५.६ ते ६४.४ मिलिमीटर आहे, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. चोवीस तासांत पसरून पडलेले साठ मिलिमीटर म्हणजे शांत भिज. तेच साठ मिलिमीटर पाऊण तासात पडले तर रस्त्याचा ओढा होतो. पत्रकाच्या लेखी दोन्ही ‘मध्यम’च.

म्हणजे या एका वाक्याचा अर्थ असा: जिल्ह्यातल्या चार केंद्रांपैकी तीन कोरडी राहू शकतात, आणि चौथ्यावर एका दिवसात महिन्याचा पाऊस पडू शकतो. तीन गावांतले लोक म्हणणार, अंदाज चुकला. चौथ्या गावातले म्हणणार, एवढा पडेल असे कुणी सांगितलेच नव्हते. पत्रक मात्र चारही गावांच्या बाबतीत खरे ठरलेले असते. सप्टेंबरअखेरचा अंदाज वाचताना मिलिमीटरच्या आधी विस्ताराचा शब्द शोधावा तो यासाठी. ‘तुरळक’ असेल तर तो पहिल्या जातीचा, ढगागणिक वेगळा पाऊस; ‘बहुतांश’ असेल तर मागे एखादी मोठी प्रणाली आहे आणि नदीकाठच्या माणसाने सामान वर चढवायला लागावे.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना पावसाच्या आकड्याबरोबर त्याच्या संभाव्य परिणामांचाही विचार होतो. पिवळ्या दिवशी विजा पडत नाहीत असा याचा अर्थ नाही. परतीच्या पावसातले विजेचे बळी बहुतेक उघड्या रानात, झाडाखाली, कापणी चालू असताना जातात, आणि त्या दिवशी जिल्ह्याचा रंग पिवळाच असू शकतो.

किती पुढचे दिसते

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. मुख्यालय कोलकात्याहून सिमल्याला, तिथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरची दगडी इमारत आणि तिच्यासमोरचा चौक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखला जातो. १९३२ मध्ये कृषी हवामानाचा स्वतंत्र विभाग पुण्यातच, डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय हवामान संस्थाही पुण्यातच, पाषाणला आहे. थोडक्यात, मोसमी पावसाच्या अभ्यासाचे निम्मे बिऱ्हाड महाराष्ट्रातच आहे.

२६ सप्टेंबर २०२४ ला हवामानासाठीच्या ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ या महासंगणक प्रणालींचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यांचा त्या दिवशीचा पुणे दौरा पावसामुळे रद्द झाला होता, म्हणून लोकार्पण दूरदृश्य प्रणालीवरून करावे लागले. त्यातला ‘अर्क’ पुण्याच्या संस्थेत आहे. मे २०२५ मध्ये याच संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कामाला लागली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. ही मोठी प्रगती आहे. तरीही परतीच्या पावसातला एखादा ढग या चौकटीतही जेमतेम एक-दोन घरे व्यापतो. तो वाढेल असे वातावरण आहे, इतके संगणक आदल्या दिवशी सांगू शकतो. तो नेमका कोणत्या गावावर फुटेल, हे सांगता येत नाही.

म्हणून अंदाजाचे तीन थर वेगळे ठेवावेत. दर गुरुवारी येणारा पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज फक्त कल सांगतो: पाऊस सरासरीहून अधिक की कमी, उपसागरात काही शिजते आहे का. तीन ते पाच दिवसांचा अंदाज मोठ्या प्रणालींबाबत बऱ्यापैकी भरवशाचा आहे. कमी दाबाचे क्षेत्र किनारा कुठे ओलांडणार आणि कोणते जिल्हे वाटेत येणार, हे आता पूर्वीपेक्षा कितीतरी आधी कळते. ढगफुटीसारख्या सरींसाठी मात्र उपयोगाचा थर एकच, तो म्हणजे रडारवर आधारलेला पुढच्या तीन तासांचा ‘नाऊकास्ट’. विजांसाठी पुण्याच्या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे वीज पडते आहे हे दाखवते. रविवारी वाचलेल्या साप्ताहिक अंदाजावर बुधवारच्या दुपारची कापणी ठरवणे म्हणजे पंचांग पाहून रेल्वे गाठण्यासारखे आहे.

पुढचे चित्र अधिक सोपे होण्याची चिन्हे नाहीत. पुण्याच्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दिसले. तापत जाणाऱ्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प हे त्यामागचे एक मुख्य कारण. एकूण पाऊस फारसा न वाढता तो मोजक्या दिवसांत कोसळू लागला आहे.

बांधावरचा हिशेब

या आठवड्याचा खरा ग्राहक शेतकरी आहे, आणि त्याच्यापुढचा पेच अंगावर येणारा आहे. सोयाबीन काढणीला आले की थांबून चालत नाही. शेंगा रानातच तडकतात आणि दाणा मातीत जातो. कापावे, तर कापलेले पीक दोन-तीन दिवस उन्हात पसरायचे, मग गंजी घालायची, मग मळणीयंत्राची पाळी लागायची. मजूर दसऱ्याच्या आत मिळेल तेव्हा घ्यावा लागतो. पसरलेल्या पिकावर एक सर आली तरी शेंगांना कोंब फुटतात, दाणा काळवंडतो. हमीभाव केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते, आणि व्यापारी तर मूठभर दाणे चोळूनच भाव पाडतो. एका एकरावर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण दोन लाख साठ हजार लिटर पाणी. गंजीवर ताडपत्री असली तरी बुडाखालून वाहणारे हे पाणी कोण अडवणार?

त्या शेतकऱ्याला हवी असते एकच माहिती: सलग चार कोरडे दिवस मिळतील का? मोठी प्रणाली येत असेल तर आजचा अंदाज याचे उत्तर देऊ शकतो. संध्याकाळच्या सरीपुरता प्रश्न असेल तर तो फक्त ‘जोखीम आहे’ एवढेच म्हणतो. अशा वेळी सगळे रान एकदम आडवे न करता दोन-तीन टप्प्यांत कापणे, दुपारी दोनच्या आत गोळा करून झाकणे, गंजी उंचवट्यावर आणि लाकडाच्या थरावर घालणे, हेच शहाणपण उरते.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराचा पेच निराळा. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत आणि फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी (केवडा) रोग आणि कूज ठरलेली. त्याला पावसाच्या मिलिमीटरपेक्षा पाने किती तास ओली राहणार, पहाटे दव किती पडणार, याची चिंता जास्त. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला म्हणूनच हवामानाच्या अंदाजाला फवारणीची जोड देतो. कोकणात हळवे भात याच सुमारास लोंबून आडवे होते; गरव्याला अजून अवकाश असतो. आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हाच पाऊस देवासारखा वाटतो, कारण तिथली रब्बी ज्वारी या शेवटच्या पावसाच्या ओलीवरच उभी राहते. वाफसा साधून पेरले की पुढे एकही पाणी न देता मालदांडी ज्वारी येते. सोयाबीनवाला उघडीप मागतो तेव्हा ज्वारीवाला पाऊस मागतो, आणि पुष्कळदा हे दोघे एकाच घरात राहतात. ‘चांगले हवामान’ अशी सरसकट गोष्ट या आठवड्यात नसतेच.

नक्षत्रे, मोबाइल आणि विश्वास

शास्त्रीय अंदाजाच्या आधीपासून गावाकडे नक्षत्रांचा हिशेब आहे. सूर्य हस्तात २७ सप्टेंबरच्या सुमारास शिरतो आणि ऑक्टोबरच्या १० तारखेच्या आसपास चित्रात जातो. हस्ताच्या गडगडाटी पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. भोंडल्यात पाटावर हत्ती मांडला जातो तो याच नक्षत्राचा. उत्तरा आणि स्वातीच्या पावसाबद्दलची लोकवचने भाताच्या आणि रब्बीच्या गरजा अचूक ओळखतात. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या पिकाला पाऊस मारतो आणि कोणत्या पिकाला तारतो, याचे ते उत्तम टिपण आहे. त्याला त्या वर्षीचा अंदाज समजू नये. शिवाय अयनचलनामुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांना एक दिवस पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वीचा हस्त आजच्या हिशेबाने जवळजवळ एक नक्षत्र अलीकडे होता.

नक्षत्रांची जागा आता मोबाइलवरच्या स्वयंघोषित अंदाजकर्त्यांनी घेतली आहे. ते तारीखवार, तालुकावार छातीठोक सांगतात आणि लोकांना तेच हवे असते. दहापैकी तीन जुळले तरी तीनच लक्षात राहतात. हवामान विभागाची अडचण नेमकी उलटी आहे. तो ‘शक्यता’ म्हणतो, आणि शक्यता हा शब्द ऐकणाऱ्याला पळवाट वाटतो. २०१७ च्या जुलैमध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर चुकीच्या अंदाजाबद्दल हवामान विभागाविरुद्ध दिंद्रुड पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली होती. त्या तक्रारीवर हसणे सोपे आहे. पेरणी दुबार झालेल्या माणसाला अंदाजातली अनिश्चितता कुणी बसून समजावून सांगितली होती का, हा प्रश्न अधिक खरा आहे.

दुवा कुठे तुटतो

समजावून सांगणारी माणसे होती. देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली होती. अंदाज हाती घेऊन जिल्ह्यातली पिके, त्यांची अवस्था आणि मातीचा ओलावा पाहून सल्ला तयार करायचा, हे तिथल्या तज्ज्ञांचे काम. २०२४ मध्ये ही केंद्रे बंद करण्यात आली. आता दापोली, राहुरी, परभणी आणि अकोला ही कृषी विद्यापीठे आणि त्यांची मोजकी केंद्रे दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढतात. तो चांगला असतो. पण एका केंद्राच्या वाट्याला अनेक जिल्हे आले की सल्लाही सरसकट होतो. महासंगणकावर शेकडो कोटी खर्च करून चौकट सहा किलोमीटरवर आणायची आणि तो अंदाज शेतापर्यंत नेणारा माणूस कमी करायचा, हे गणित बसत नाही.

दुसरी उणीव मोजणीच्या वापराची आहे. ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेषा ओलांडली की मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांना वेग येतो. म्हणजे नुकसान झाल्यावर मदत ठरवायला मंडळाचा आकडा चालतो. हाच आकडा आधीच्या अंदाजाशी ताडून, गेल्या दहा सप्टेंबरांत या मंडळाबाबत ‘तुरळक’ म्हटले तेव्हा प्रत्यक्षात काय झाले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर साध्या मराठीत लागले, तर अंदाजावरचा विश्वास कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त वाढेल.

तिसरी उणीव शहरांची, आणि तिथे हवामानशास्त्राला दोष देणे निव्वळ कांगावा आहे. आंबिल ओढ्याची रुंदी आणि नाग नदीच्या काठावरची बांधकामे कुठल्याही ढगाने ठरवलेली नाहीत. तासाला साठ-सत्तर मिलिमीटर पाऊस सप्टेंबरअखेर पुण्या-नागपुरात पडू शकतो, हे आता नोंदींत आहे. तेवढे पाणी वाहून न्यायला वाट ठेवायची की नाही, हा महापालिकेच्या आराखड्याचा प्रश्न आहे. नालेसफाई जूनपुरती मानण्याची पद्धत तर ताबडतोब बदलायला हवी. दुसरी फेरी गणेशविसर्जनानंतर लगेच व्हावी.

एकूण विचार करता, परतीच्या आठवड्याचा अंदाज आज जेवढा चांगला आहे तेवढा पूर्वी कधीच नव्हता, आणि तरीही गावाला हवा तेवढा तो बारीक नाही. ती मर्यादा बहुधा बरीच वर्षे राहील. तोवर वाचकाने एवढे करावे: गुरुवारी कल पाहावा, मोठी प्रणाली येत असल्यास तीन दिवस आधी बेत बदलावा, आणि रानात किंवा रस्त्यावर असाल तर दुपारी दोननंतर तीन तासांचा इशारा आणि ‘दामिनी’ उघडून पाहावे. सरकारने जिल्हा कृषी हवामान केंद्रे पुन्हा सुरू करावीत. राज्याला ती स्वतःच्या पैशाने चालवणे शक्य आहे. एका सप्टेंबरच्या भरपाईपुढे त्यांचा खर्च किरकोळ ठरेल.